एन्नेज्मा एझ्झाहरा : ट्यूनिशियाच्या समुद्रकाठचा राजवाडा आणि अरबी संगीताचं संग्रहालय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूनिशियाला जाऊन आल्यापासून ओळखीचे, गाण्याच्या मंडळातले आणि कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन करणारे लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी घाईघाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं, म्हणून हा खटाटोप. मी शास्त्रीय संगीताची श्रोती आहे, अरबी भाषेची किंवा संगीताची पदवी माझ्याकडे नाही. पण या वाड्यावर माझा जीव जडला आहे.

हा राजवाडा नेमका कुठे आहे?

उत्तर आफ्रिकेत, ट्यूनिशियाची राजधानी ट्यूनिस हिच्यापासून साधारण वीस किलोमीटरवर सिदी बू सईद नावाचं गाव आहे. समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या एका टेकडीवर ते वसलंय. त्या टेकडीच्या उतारावर, झाडांमध्ये अर्धवट लपलेला हा वाडा आहे. गच्चीवर उभं राहिलं की समोर ट्यूनिसचं आखात पसरलेलं दिसतं. प्राचीन कार्थेजचे अवशेष इथून दोन-तीन स्टेशनांवर आहेत, त्यामुळे बहुतेक लोक दोन्ही एकाच दिवसात उरकतात. (उरकू नका. पुढे त्याबद्दल लिहिलं आहे.)

नावाचा अर्थ काय?

अरबीत ‘नज्म’ किंवा ‘नज्मा’ म्हणजे तारा. ‘झाहरा’ म्हणजे तेजस्वी, झळाळणारी. शुक्राच्या चांदणीला अरबीत ‘झुहरा’ म्हणतात, म्हणून काही जण ‘शुक्रतारा’ असंही भाषांतर करतात. आपल्या मराठी कानांना तेच जास्त गोड लागतं. गावात मात्र कुणालाही ‘बॅरनचा राजवाडा’ म्हणून विचारलं तरी वाट दाखवतात.

कुठल्या राजाचा हा राजवाडा?

राजाचा नाहीच. बॅरन (हा युरोपातला सरदारकीचा किताब) रोडॉल्फ देर्लांजे नावाच्या एका श्रीमंत चित्रकाराने तो स्वतःसाठी बांधला. १८७२ साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा माणूस सावकारांच्या घराण्यातला. वडील मूळचे जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या बँकर घराण्यातले, आई अमेरिकन, बायको बेटिना इटालियन-अमेरिकन. घरात पैसा होता, पण याचा ओढा चित्रांकडे आणि पुढे संगीताकडे. प्रकृती पहिल्यापासून नाजूक, त्यामुळे कोरड्या, उबदार हवेचा सिदी बू सईद त्याला मानवला. १९१० च्या सुमारास त्याने इथे जमीन घेतली आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं, १९२२ पर्यंत, वाड्याचं काम चालू होतं. नकाशा आणि देखरेख त्याची स्वतःची. २९ ऑक्टोबर १९३२ रोजी याच गावात त्याचा मृत्यू झाला. म्हणजे पुरा झालेला वाडा त्याच्या वाट्याला उणीपुरी दहाच वर्षं आला.

वाड्यात बघण्यासारखं काय आहे?

बाहेरून बघाल तर पांढऱ्या भिंती, निळी दारं-खिडक्या, एवढंच. गावातली इतर घरंही तशीच. सगळी श्रीमंती आत. ट्यूनिशियन आणि मोरोक्कन कारागिरांनी इथे वर्षानुवर्षं काम केलं. भिंतीच्या वरच्या भागात गिलाव्यावर कोरलेली जाळी आहे. ओलसर गिलावा लोखंडी हत्याराने कापून ही नक्षी काढतात, म्हणून या कलेला तिथे ‘नक्श हदीदा’ म्हणतात. ‘हदीद’ म्हणजे लोखंड. ‘नक्श’ शब्द तर आपल्या ‘नक्षी’च्या घरातलाच. छत लाकडाचं आणि रंगवलेलं, खांब संगमरवरी.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती एक छोटीशी गोष्ट. एका दालनाच्या संगमरवरी फरशीतून हाताच्या पंजाएवढा अरुंद पाट कोरलेला आहे, पाणी वाहण्यासाठी. मी खाली बसून तो बघत राहिले. त्याच्या कडा इतक्या गुळगुळीत आहेत की पाणी वाहताना त्याचा खळखळाट होत नसणार, नुसती कुजबुज. ज्या घरात रोज गायक-वादक बसणार, त्या घरात पाण्याचाही आवाज बेताचा ठेवला गेला, असं मला तिथे बसून वाटलं. आपल्या वाड्यांतही कारंजी असायची, पण जमिनीतून असा पाट काढून बैठकीतून फिरवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

बॅरनने काढलेली चित्रंही भिंतींवर आहेत. चित्रं म्हणून ती ठीक आहेत. त्याचं खरं काम दुसरीकडे आहे.

हे संगीताचं संग्रहालय कधी झालं?

बॅरननंतर वाडा कुटुंबाकडे राहिला. १९८९ मध्ये ट्यूनिशियाच्या सरकारने तो विकत घेतला आणि १९९१ मध्ये तिथे अरबी आणि भूमध्य प्रदेशातल्या संगीताचं केंद्र स्थापन झालं. नुसता वस्तूंचा संग्रह नाही हं. देशाचं ध्वनिमुद्रणांचं राष्ट्रीय भांडार याच केंद्राकडे आहे. जुन्या तबकड्या आणि फिती जपणं, त्यांचं डिजिटल रूपांतर करणं, वाद्यांची डागडुजी, संशोधन, प्रकाशनं आणि मैफली, हे सगळं एकाच छपराखाली चालतं.

कोणती वाद्यं बघायला मिळतात? आपल्याकडच्या वाद्यांशी काही नातं?

बरंच. तीन वाद्यांपाशी मुद्दाम थांबा.

पहिलं ‘रबाब’. आपण रबाब म्हटलं की काबुलचा, बोटांनी छेडायचा रबाब डोळ्यांपुढे येतो. ट्यूनिशियातला रबाब वेगळा, गजाने वाजवायचा. एका अखंड लाकडातून होडीसारखा कोरून काढलेला, खालच्या भागावर चामडं ताणलेलं, वरच्या भागावर धातूचा पातळ पत्रा आणि त्या पत्र्यात फुलाच्या आकाराची जाळी. तारा दोनच, आतड्याच्या, जाडजूड. गज आखूड आणि धनुष्यासारखा वाकलेला. वादक तो मांडीवर उभा धरतो. आवाज खरखरीत, घोगरा. पहिल्यांदा ऐकताना सारंगीच्या सवयीच्या कानाला जरा खटकतो. पाच मिनिटं द्या. गाणाऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजात जो खरेपणा असतो, तो या वाद्यात आहे.

दुसरं ‘ऊद अरबी’. जगभर ऊद म्हणून जो दिसतो तो मुख्यतः इजिप्त-सीरियाकडचा, ‘शर्की’ म्हणजे पूर्वेकडचा. ट्यूनिशियाच्या ऊदला तारांच्या चारच जोड्या, पोट लहान, मान थोडी लांब. पूर्वी तो मोठ्या पक्ष्याच्या पिसाच्या देठाने छेडत. एके काळी शर्की ऊदने त्याला जवळजवळ हुसकावून लावलं होतं. आज तो पुन्हा हातात घेणारे तरुण दिसतात, आणि त्यात या केंद्रासारख्या ठिकाणांचा वाटा आहे.

तिसरं ‘नक्करात’. लहान नगाऱ्यांची जोडी, दोन बारीक काठ्यांनी वाजवायची. नाव वाचताच ओळख पटते: आपला ‘नगारा’ याच अरबी शब्दाचा नातू. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना आठवा आणि मग या वीतभर उंचीच्या जोडीकडे बघा. आपल्याकडे येता येता नगारा केवढा मोठा झाला!

मालूफ म्हणजे काय?

ट्यूनिशियाच्या अभिजात संगीताला मालूफ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘परिचयाचं, रूढ झालेलं’. स्पेनमधल्या मुस्लीम राजवटीच्या काळात, म्हणजे अंदालुसियात, जी गाण्याची रीत बहरली तिचा वारसा मोरोक्को, अल्जीरिया, ट्यूनिशिया आणि लिबिया सांगतात. स्पेनमधून लोक उत्तर आफ्रिकेत येतच होते. १६०९ ते १६१४ या वर्षांत तर तिथल्या उरल्यासुरल्या मोरिस्को लोकांना, म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांना, सरसकट हाकललं गेलं आणि त्यांतले हजारो जण ट्यूनिशियात वसले. घरं गेली, शेती गेली, गाणं सोबत आलं.

मालूफमधल्या मोठ्या रचनामालेला ‘नूबा’ म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ ‘पाळी’: दरबारात आळीपाळीने गाण्याची वेळ. आपला ‘नौबत’ हा शब्द याच मुळाचा! पहारेकऱ्यांची पाळी बदलताना जे वाजे ती नौबत. एका टोकाला ट्यूनिसची मैफल, दुसऱ्या टोकाला आपला किल्ला, आणि मधे एकच शब्द.

परंपरेत तेरा नूबा मानतात. प्रत्येक नूबा एका स्वरप्रकृतीत बांधलेली असते आणि तिचे भाग ठरलेले असतात. आधी तालाशिवायचा ‘इस्तिफ्ताह’, म्हणजे उघडणं, मग वाद्यांचा ‘मसद्दर’, मग गायन. ‘बतायही’ संथ, ‘बरवल’ जलद. इथे संपलं असं वाटत असतानाच लय पुन्हा खाली येते, ‘द्राज’ सुरू होतो, मग ‘खफीफ’, आणि शेवटी धावता ‘खत्म’. (होय, ‘खतम’ तोच.) आपला ख्याल विलंबितातून द्रुतात एकदा चढतो, नूबा दोनदा चढते. मधल्या उतारावर गाणं संपलं समजून टाळ्या वाजवू नका. मी वाजवल्या होत्या, शेजारच्या आजीबाईंनी हसून माझा हात हलकेच खाली दाबला.

अठराव्या शतकात ट्यूनिसचा शासक मुहम्मद रशीद बे याने या नूबांना शिस्त लावली असं मानतात. राज्यकारभारापेक्षा संगीतात रमणारा राजा म्हणून तो ओळखला जातो.

मकाम म्हणजे अरबी राग का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ‘हो’ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पण ‘थोडंसं’ हे उत्तर जास्त खरं.

साम्य हे, की मकाम म्हणजे नुसते ओळीने मांडलेले स्वर नव्हेत. कुठून सुरुवात, कुठे थांबायचं, कुठल्या स्वरसमूहातून कुठे जायचं, हे सगळं त्यात येतं. लयीशिवायच्या एकल वादनाला ‘तकसीम’ म्हणतात. ते ऐकताना आपल्या आलापाची आठवण येणारच. ‘हिजाज’ मकामाचे पहिले चार स्वर ऐका: सा, कोमल रे, शुद्ध ग, म. भैरव ओळखीचा असलेला माणूस लगेच सरसावून बसतो.

फरक दोन. एक, एका मकामातून दुसऱ्यात जाऊन परत येणं हा तिथे कौशल्याचा भाग आहे. आपल्याकडे यमन गाताना मधेच दुसऱ्या रागात शिरलं तर बुजुर्ग भुवया उंचावतील. दुसरा फरक स्वरांचा. ‘रास्त’ मकामातला तिसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी लागतो. सुरुवातीला तो बेसूर वाटतो. बेसूर नाही तो. त्याची जागा तीच आहे, आणि चांगला गायक दर वेळी बरोब्बर तिथेच लावतो.

‘मकाम’ म्हणजे जागा, थांबण्याचं ठिकाण. आपला ‘मुक्काम’ याच धातूतला. पण ट्यूनिशियाचे जुने लोक मकामाऐवजी ‘तबअ’ म्हणतात, म्हणजे स्वभाव, प्रकृती. मराठीतली ‘तब्येत’ तिथूनच आली. आपण एखाद्याला ‘तबियतदार गवई’ म्हणतो ना? ट्यूनिसच्या माणसाला हे समजावून सांगितलं तर तो खूश होतो, मी अनुभव घेतला आहे. ख्याल, तालीम, रियाज, मैफल हे शब्दही अरबीतूनच, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. अर्थ वाटेत थोडे बदलले, पण या संग्रहालयात हिंडताना मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही तो त्यामुळेच.

बॅरनने संगीतासाठी नेमकं काय केलं?

सहा खंड. ‘अरबी संगीत’ या साध्या नावाचा फ्रेंच ग्रंथ पॅरिसमध्ये १९३० ते १९५९ या काळात प्रकाशित झाला. यातला पहिला खंडच त्याला छापलेला बघायला मिळाला, बाकीचे पाच त्याच्या मृत्यूनंतर आले.

पहिल्या चार खंडांत जुन्या अरबी संगीतग्रंथांची भाषांतरं आहेत: दहाव्या शतकातल्या फाराबीचा महाग्रंथ, इब्न सीनाचं संगीतावरचं लेखन, तेराव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या सफीउद्दीन उर्मवीचे ग्रंथ आणि त्यांच्यावरची भाष्यं, नंतरचे उस्मानी काळातले ग्रंथ. शेवटचे दोन खंड त्याच्या स्वतःच्या काळातल्या संगीतावर आहेत, एकात स्वर आणि मकाम, दुसऱ्यात ताल आणि रचनाप्रकार. हस्तलिखितं मिळवायची, पाठ तपासायचे, भाषांतर करायचं आणि शिवाय जिवंत कलावंतांना बसवून एकेक मकाम, एकेक ताल उतरवून घ्यायचा! अरबी संगीताचा अभ्यास करणारा कुणीही आज या खंडांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

१९३२ च्या कैरो परिषदेशी या वाड्याचा काय संबंध?

१४ मार्च ते ३ एप्रिल १९३२ या काळात इजिप्तचा राजा फुआद पहिला याच्या आश्रयाखाली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. मोरोक्कोपासून इराकपर्यंतचे वादक-गायक आले. युरोपातून बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ यांच्यासारखे संगीतकार आणि कुर्ट झाक्स, रॉबर्ट लाखमान यांच्यासारखे संगीताचे अभ्यासक आले. या परिषदेच्या आखणीत देर्लांजेचा मोठा हात होता. पण ऐन वेळी आजाराने त्याला गाठलं आणि तो जाऊ शकला नाही. ट्यूनिशियाचं पथक मात्र गेलं. त्यात रबाबवर मुहम्मद गानिम आणि ऊद अरबीवर खमय्यिस तर्नान होते. परिषदेत सगळ्या पथकांची ध्वनिमुद्रणं झाली. ती आजही ऐकता येतात, आणि हे संगीत शंभर वर्षांपूर्वी कसं होतं याचा तो सगळ्यात मोलाचा पुरावा आहे.

परिषदेत दोन गोष्टींवरून कडाक्याची भांडणं झाली. सप्तकाचे चोवीस समान भाग मानायचे का, आणि पियानोसारखी पाश्चात्त्य वाद्यं अरबी संगीतात घ्यायची का. वाचताना मला सारखं आपलं घर आठवत होतं. १९१० च्या सुमारास सांगलीचे कृ. ब. देवल, अब्दुल करीम खाँ आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स बावीस श्रुतींचं गणित मांडत होते, श्रुती-हार्मोनियम बनवली जात होती. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हाही श्रुतींचा वाद होताच. पुढे १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदीच होती. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: सुटे, ठोकळेबाज सूर देणारं वाद्य घरात घेतलं तर गळ्यातली सूक्ष्म जागा टिकेल का?

एका युरोपियन सावकाराला एवढं श्रेय कशाला द्यायचं? तेव्हा ट्यूनिशिया फ्रेंचांच्या ताब्यात होता ना?

होता. १८८१ ते १९५६. आणि हा प्रश्न विचारायलाच हवा. या एका उत्तरासाठीच मी हे पान लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल.

वाड्यात फिरताना सगळीकडे बॅरन भेटतो: त्याची खोली, त्याचं ग्रंथालय, त्याची चित्रं. ग्रंथांच्या मुखपृष्ठावर नावही त्याचंच. पण अरबी संगीत त्याला शिकवलं कुणी? शेख अहमद अल-वाफी यांनी. १८५० साली जन्मलेले हे ट्यूनिसचे उस्ताद मालूफचे मोठे जाणकार होते. ते गेले १९२१ मध्ये. हस्तलिखितांवर वर्षानुवर्षं मान मोडून काम केलं मनूबी स्नूसी यांनी. ते बॅरनचे सचिव होते. १९३२ नंतर उरलेले खंड पूर्ण होऊन छापले गेले ते त्यांच्यामुळे. मालक गेल्यावर सत्तावीस वर्षं ग्रंथ पुढे नेत राहायचं, ही नोकरी नव्हे, निष्ठा आहे. पूर्वेकडच्या मकामांचं आणि तालांचं भांडार दिलं हलबचे, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोचे, अली अद-दरवीश यांनी. ते १९३१ च्या सुमारास या वाड्यात येऊन राहिले होते.

या तिघांची नावं मला प्रवासाच्या पुस्तकांत क्वचितच दिसली. बॅरनचं मोठेपण मी नाकारत नाही. पैसा होता म्हणून माणूस घोडे पाळू शकला असता. त्याने हस्तलिखितं आणली, गायक-वादकांना मानाने घरात बसवलं, आणि ज्या काळात अनेक युरोपियनांना हे संगीत म्हणजे गोंगाट वाटत होता त्या काळात त्याच्यामागे एक हजार वर्षांचं शास्त्र आहे हे फ्रेंचमध्ये सिद्ध करून दाखवलं. पण ज्ञान दिलं ते उस्तादांनी. मला तर वाटतं, वाड्यात शिरल्यावर आधी ही तीन नावं मनात म्हणावीत आणि मग झुंबरं बघावीत.

भातखंड्यांचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या या वकिलाने त्याच वर्षांत गावोगाव हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवल्या, शास्त्र मराठीत लिहून काढलं, थाटांची मांडणी केली. देर्लांजेसारखेच तेही पेशाने गवई नव्हते, आणि तेही चार वर्षांच्या अंतराने, १९३६ मध्ये, गेले. फरक एवढाच की भातखंडे आपल्यातलेच होते, तरीही ज्यांच्याकडून चिजा घेतल्या त्या घराण्यांना पुरेसं श्रेय मिळालं का, यावर आपल्याकडे अजून वाद होतो. मग ट्यूनिशियात तो व्हायलाच हवा.

वाड्यात मैफल ऐकायला मिळते का?

मिळते, आणि जमलं तर सहलीची तारीखच मैफल बघून ठरवा. केंद्र वर्षभर कार्यक्रम करतं. ‘मुसीकात’ नावाचा पारंपरिक संगीताचा महोत्सव इथेच होतो, त्यात भूमध्य समुद्राच्या आसपासचे आणि दूरच्या देशांतलेही कलावंत येतात. रमझानच्या महिन्यात रात्री उशिरा मैफली रंगतात. दालन लहान असतं, श्रोते थोडे, ध्वनिवर्धकाची फारशी गरज नसते. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. आपल्याकडे घरगुती बैठक ज्याने अनुभवली असेल त्याला मी काय म्हणते ते कळेल.

कार्यक्रमपत्रिका आधी केंद्राकडे विचारून घ्या. जागा कमी असल्याने ऐन वेळी तिकीट मिळेलच असं नाही.

गाव निळं-पांढरं का आहे?

गावाला नाव मिळालं ते अबू सईद अल-बाजी या सूफी संतामुळे; त्यांचा दर्गा गावात आहे. १९१५ साली सरकारी हुकूम निघाला आणि गावाच्या जुन्या रूपात मनमानी बदल करायला बंदी आली. त्यामागेही देर्लांजेचाच आग्रह होता. पांढऱ्या भिंती आणि निळी दारं आज पोस्टकार्डांवर दिसतात ती त्यामुळे टिकली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१४ च्या एप्रिलमध्ये, पाउल क्ले आणि आउगुस्ट माके हे चित्रकार इथे येऊन गेले होते.

किती वेळ ठेवावा? कधी जावं? कसं पोचावं?

वाड्याला किमान दोन तास. पहिल्या वेळी आम्ही एका सहलकंपनीबरोबर गेलो होतो. त्यांनी सबंध गावाला दीड तास दिला, त्यात वाडा बसलाच नाही. फाटकावरून परत फिरताना मला रडू आलं. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघंच गेलो, गाडी नाही, मार्गदर्शक नाही, आणि दिवसभर राहिलो.

ट्यूनिसहून ला गुलेतमार्गे ला मार्साला जाणारी लोकल आहे. १८७२ मध्ये सुरू झालेली ही जुनी लाइन तळ्याच्या मधून काढलेल्या भरावावरून जाते. अर्ध्या-पाऊण तासात सिदी बू सईद. दुरुस्तीची कामं अधूनमधून चालतात, तेव्हा टॅक्सी करावी लागते. स्टेशनपासून चढण आहे, गुडघे दुखत असतील तर तीही टॅक्सीने चढा. सोमवारी वाडा बंद असतो. वसंत आणि शरद सगळ्यात चांगले; जुलै-ऑगस्टमध्ये ऊन टोचतं. भारतातून जाताना आखातात, इस्तंबुलला किंवा युरोपात विमान बदलावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते दूतावासाकडूनच विचारून घ्या.

चढणीवर ‘बम्बालूनी’ची दुकानं आहेत. मेदूवड्यासारखा मधे भोक असलेला गोड वडा, समोर तळून साखरेत घोळवून देतात. गरम असतानाच खा.

भाषेची अडचण येते का?

अरबी आणि फ्रेंच सर्रास चालतात, इंग्रजी कमी. वाद्यांची माहितीही बहुतेक अरबी-फ्रेंचमध्ये. वर दिलेले शब्द लक्षात ठेवलेत तरी निम्मं काम होतं.

जाण्याआधी काय ऐकावं?

१९३२ च्या कैरो परिषदेतली ट्यूनिशियन पथकाची ध्वनिमुद्रणं. चार-पाच वादक, खरखर असलेल्या तबकड्या. तीनदा ऐका. पहिल्यांदा काहीच हाती लागणार नाही. दुसऱ्यांदा रबाबचा धागा सापडेल, तिसऱ्यांदा ताल. मग ट्यूनिसच्या रशीदिया या संगीतसंस्थेच्या मोठ्या वाद्यवृंदाचं मालूफ ऐका, ज्यात व्हायोलिनच्या रांगा आहेत आणि समूहगान आहे. दोन्हींत केवढं अंतर आहे ते कानाला आपोआप कळतं. कुणाला दुसरं आवडतं. मला पहिलं.

मालूफ अजून कुठे ऐकायला मिळेल?

ट्यूनिसच्या जुन्या शहरात रशीदिया आहे. १९३४ मध्ये, बॅरननंतर दोनच वर्षांनी, ट्यूनिशियन लोकांनी स्वतः उभी केलेली ही संस्था. संगीतप्रेमी रशीद बेचंच नाव तिला दिलं आहे. खमय्यिस तर्नान तिथे शिकवत. आजही तिथे मुलं शिकतात. स्पेनमधून आलेल्या लोकांनी वसवलेलं टेस्तूर नावाचं गाव आहे, तिथे मालूफचा महोत्सव भरतो.

आणि उन्हाळ्यात सिदी बू सईदलाच असाल तर ‘खर्जा’ चुकवू नका. ‘खर्जा’ म्हणजे बाहेर पडणं, मिरवणूक. ईसाविया पंथाचे सूफी निशाणं घेऊन, गात गात चढणीवरून संतांच्या दर्ग्याकडे जातात. दरबार बुडाले तेव्हा मालूफची कितीतरी पदं या सूफी मंडळींच्या ठिकाणांनी जपली, जशी आपल्याकडे दिंड्यांनी आणि फडांनी अभंगांची चाल जपली. डफासारखं ‘बंदीर’ हातात घेतलेले पंचवीस-तीस पुरुष खांद्याला खांदा लावून हळूहळू पुढे सरकतात, बायका खिडक्यांतून आणि गच्च्यांवरून बघत असतात, आणि कुणाच्या तरी कानामागे खोचलेल्या मोगऱ्याच्या गुच्छाचा वास गल्लीभर येत असतो.